मानकाडूची नवी हद्द

भरद्वाज मद्रासच्या गाडीनं उतरला, ऑटोतून घरी आला आणि उंबऱ्यात चपला काढता काढताच त्यानं विचारलं, "अत्याची सही झाली?"

"अक्का अजून पोचायच्या आहेत," सरोजा म्हणाली. "तू आधी पाय धू. कॉफीचं डिकॉक्शन उतरलंय."

"उद्या दुपारी बारापर्यंत मुदत आहे, अम्मा. ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं! दोन महिने या घरात दुसरं बोलणंच नव्हतं. मुत्तुपेट्टैच्या पलीकडे, समुद्राच्या काठाला, मानकाडूला काळविटांचं राष्ट्रीय उद्यान होतं. सरकारनं त्याची हद्द पश्चिमेकडे वाढवायची ठरवली, आणि त्या वाढीव हद्दीत त्यांची अडतीस एकर जमीन आली. थोडे माड, थोडे काजू, बाकी वाळू आणि खुरटं गवत. पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, दोघांच्या नावावर होता, सरोजाचे यजमान कल्याणराम आणि त्यांची थोरली बहीण भागीरथी. उद्यानात गेलेल्या जमिनीवर खाजगी घर राहत नाही. मोबदला घ्यायचा आणि बाहेर पडायचं. आणि भागीरथी अक्का त्या जमिनीवरच्या घरात एकोणपन्नास वर्षं राहत होत्या.

म्हणून हरकत घ्यायची होती. कागदावर दोन्ही सह्या लागणार होत्या.

त्याची बहीण विनुता जिना उतरून खाली आली. ती इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. आज तिनं रजा टाकली होती.

"आला का कोळंबीवाला?"

"आलो. तुझी हरणं बरी आहेत ना?"

"हरणं बरीच आहेत. तुम्ही तळी खणेपर्यंत बरीच राहतील."

"हळू बोल," सरोजा म्हणाली. "अप्पा मागं आहेत."

हेच सरोजाला खटकत होतं. या घरात प्रत्येकाला काहीतरी ठाऊक होतं आणि ते सगळं अप्पांपासून लपवलेलं होतं. भरद्वाजची कंपनी किनाऱ्यावर कोळंबीची तळी करायची. जमीन उद्यानाच्या बाहेर राहिली तर ती भाड्यानं मिळवून देतो असा शब्द तो साहेबाला देऊन बसला होता. बढती त्यावर होती. अप्पांना त्यानं एवढंच सांगितलं होतं, "अत्याचं घर वाचवू." तिकडे विनुतानं सलग तीन हिवाळे अत्याकडे राहून, अत्याच्या हातचं जेवून, काळविटं मोजली होती. ज्या अहवालावरून हद्द वाढली त्यावर तिचं नाव होतं. अप्पा समजत होते, पोरगी सुट्टीत अत्याला सोबत करते.

आणि सरोजाचं स्वतःचं? हरकत फेटाळली गेली तर अक्का इथं राहायला येणार. कामाची तिला भीती नव्हती. भरद्वाजच्या बारशाच्या दिवशी ती अक्कांना एक वाक्य बोलली होती, त्याची होती. पस्तीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात अक्का सणावाराला आल्या, गेल्या; दोघी गोड बोलल्या. पण ते वाक्य सरोजाच्या घशात माशाच्या काट्यासारखं तसंच होतं.

*

कल्याणराम सव्वाआठलाच नव्या बसस्टँडवर जाऊन बसले. गेल्याच महिन्यात गावात तमिळ परिषद झाली होती. तिच्यासाठी रस्ते, दिवे, चौक सगळं लखलखीत केलं होतं. निबंधक कचेरीतून सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झालेला माणूस. वेळेच्या आधी पोचायची सवय सुटत नव्हती.

अक्काला न्यायला ते नेहमी स्वतः यायचे, आणि दर वेळी बाकावर बसलं की त्यांना तीच बैलगाडी आठवायची. सन सेहेचाळीस. अक्काचे यजमान पापनाशमला विषमज्वरानं गेले आणि सासरच्यांनी तिला महिनाभरात परत पाठवलं. ती तेवीस वर्षांची. घरात धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. पाहुण्यांच्या समोर विधवा मुलगी नको, म्हणून त्यांच्या वडिलांनी, व्यंकोजीरावांनी, मानकाडूची अर्धी जमीन तिच्या नावावर केली आणि तिला तिथंच धाडलं. बैलगाडीतून पोचवायला सोळा वर्षांचा कल्याणराम. परत निघताना अक्का दारात उभी राहून म्हणाली होती, "सांभाळून जा. भूक लागली तर पिशवीत पोहे आहेत."

त्यानं ते पोहे वाटेतच खाल्ले होते. चवीनं खाल्ले होते. आज पासष्टाव्या वर्षीही त्यांना त्याची लाज वाटायची.

लग्न पार पडलं तरी अक्काला कुणी परत आणलं नाही. "तिला तिथंच बरं वाटतं," वडील म्हणायचे. ते गेल्यावर आई म्हणू लागली. आई गेल्यावर कल्याणराम. आता निदान ते तिथलं घर तरी तिच्याकडून जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

ओरत्तनाडुवरून येणारी बस सव्वानवाला लागली. अक्का पुढच्या दारानं उतरली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि कंडक्टरला म्हणाली, "तंबी, सगळं उतरव." एक ट्रंक उतरली. मग दुसरी. मग वळकटी, आणि पितळेचं एक मोठं तपेलं.

"दोन दिवसांसाठी एवढं?" कल्याणराम म्हणाले. "नारळ भरून आणलेस की काय?"

"नारळ सेल्लम्माळला दिले." सेल्लम्माळ म्हणजे तिथली राखणदारीण, नवऱ्यासकट अक्काच्या अंगणापलीकडे राहणारी. "तू ऑटो बघ. उन्हं चढतायत."

ऑटोत ती लंगडत चढली. त्यांनी विचारलं तर म्हणाली, "जेवण झाल्यावर सांगते."

*

जेवणात उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी होती. अक्कांना आवडते म्हणून सरोजानं मुद्दाम केली होती. अक्कांनी ती दोनदा मागून घेतली आणि कागदाविषयी चकार शब्द काढला नाही.

तीन वाजता वकील रघुपती आले. कल्याणरामांचे शाळेपासूनचे मित्र, घरच्यासारखेच. त्यांनी चष्मा चढवला आणि तमिळमधली हरकत वाचायला सुरुवात केली. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, वडिलोपार्जित हक्क. भागीरथी भिंतीला टेकून, दुखरा पाय लांब करून ऐकत होत्या.

"'सदर वृद्ध महिलेचा या भूमीशी प्राणाइतका संबंध आहे. तिथून हलवल्यास तिच्या जिवाला धोका संभवतो...'"

"थांबा," भागीरथी म्हणाल्या. "हे कुणी लिहिलं?"

"मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं," कल्याणराम म्हणाले.

"मला विचारलंस?"

 विनुताला वाटलं, अत्या चिडली आहे आणि चिडायचं कारण आपण आहोत. तिला राहवेना.

"अत्या, चूक माझी आहे. हद्द वाढली ती माझ्या मोजणीवरून. तुझ्या ओसरीवर बसून मी त्या वह्या भरल्या. काळविटं चरायला आपल्याच गवतावर येतात, ते गवत गेलं तर ती जगणार नाहीत, असं मीच लिहिलं. तुझं घर जाईल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तू?" कल्याणराम तिच्याकडे बघतच राहिले. "तिचं अन्न खाऊन तिचं घर..."

"तिला का बोलता, अप्पा?" भरद्वाज एकदम म्हणाला आणि आपण का बोललो हे त्याचं त्यालाच कळलं नाही. पण आता मागं फिरता येईना. "मी तरी कुठं घरासाठी धावतोय? हद्द हटली की ती जमीन कंपनीला भाड्यानं द्यायची, असं मी कबूल करून बसलोय. अत्याच्या घराभोवतालची दोन एकर सोडून."

"भोवती सगळी खाऱ्या पाण्याची तळी," विनुता म्हणाली. "आणि मधोमध अत्या."

"आणि तुझ्यापायी अत्या रस्त्यावर. ते चालतं का?"

कल्याणराम उठून उभे राहिले. आवाज चढवायची सवय नसल्यामुळे तो फाटला. "म्हणजे अक्काचा विचार या घरात एकट्या माझ्याच डोक्यात होता?"

"तुझ्या डोक्यात काय होतं ते आताच वाचून दाखवलं की," भागीरथी म्हणाल्या. "बैस. सगळे बसा. रघुपती, तुमचा कागद चांगला आहे, पण त्याचा उपयोग नाही. माझ्या हिश्श्याची संमती मी देऊन आलेय."

"काय?"

"पट्टुकोट्टैला संमती घ्यायचा सरकारी कॅम्प लागला होता. अकरा तारखेला जाऊन सही केली. नुसती नाही केली. सेल्लम्माळला आणि तिच्या नवऱ्याला गावठाणात घराची जागा द्या आणि नवऱ्याला वनखात्यात राखणदार म्हणून घ्या, असं आधी लिहून घेतलं. तो साहेब म्हणाला, आजी, असं लिहून देता येत नाही. मी म्हटलं, मग मीही सही देत नाही. चार वाजेपर्यंत बसून राहिले. शेवटी दिलं."

रघुपती हसू दाबत म्हणाले, "शिक्क्यानिशी?"

"शिक्क्यानिशी." त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

"पण का, अक्का?" कल्याणराम म्हणाले. "तुला तिथंच बरं वाटतं..."

"कुणी सांगितलं?"

उभे होते ते खाली बसले.

"बाबांनी सांगितलं. आईनं सांगितलं. तू सांगतोस. मी कधी सांगितलं?" त्यांचा आवाज शांत होता. "ऐप्पसीच्या पावसात, दिवाळीच्या सुमाराला, विहिरीपाशी घसरले. पाय मुडपला. सेल्लम्माळ बाजारला गेलेली. सकाळी नऊपासून दुपारपर्यंत मी चिखलात पडून. चार हरणं आली, लांबून बघत उभी राहिली, निघून गेली. तेव्हा मी मनाशी म्हटलं, भागीरथी, पुरे झालं."

"हे तू कळवलं का नाहीस?"

"कळवून काय म्हणाला असतास? औषध पाठवलं असतंस. तू पाठवतोसच. तेल, साखर, पातळं, सगळं पाठवलंस. एकोणपन्नास वर्षांत एवढी पत्रं आली तुझी. सणाला ये, बारशाला ये, दोन दिवस ये. 'अक्का, आता घरीच ये,' असं एकही आलं नाही. मला वाटलं, यांना नकोय. मग मीही मान वर करून राहिले, की मला कुठं यायचंय."

कल्याणरामांनी चष्मा काढला. तो पुसायचा की डोळे पुसायचे, त्यांना कळेना. त्यांना वाटत होतं, आपण बहिणीला काहीतरी सांगितलं पाहिजे, बैलगाडीचं, पोह्यांचं, सगळंच. पण तोंडातून निघालं एवढंच: "ये. अक्का, घरी ये."

"ट्रंका घेऊनच आलेय. तू नाही म्हणाला असतास तर रघुपतींना एखादी खोली बघायला सांगणार होते."

रघुपती मोठ्यानं हसले, आणि मग भरद्वाज, आणि मग रडत असलेली विनुताही.

"आणि हरणं, अत्या?" तिनं विचारलं. "तुला आठवण नाही येणार?"

"हरणं चांगली गं. पण हरणांशी बोलता येत नाही. जमीन त्यांनाच राहू दे. त्यांना तिथं खरंच बरं वाटतं."

*

सरोजा स्वयंपाकघरात आली होती. कॉफीसाठी म्हणून आली आणि दूध गॅसवर न ठेवता तशीच उभी राहिली. मागून लंगडत्या पावलांचा आवाज आला.

"मी काही मदत करू?"

"तुम्ही बसा," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिच्या ध्यानात आलं. जवळपास तेच शब्द. त्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. अक्का बाळाला घ्यायला पुढे आल्या, आणि तेवीस वर्षांची सरोजा म्हणाली होती, "तुम्ही आत बसा."

तिनं वळून बघितलं. "अक्का, मी तेव्हा... भरद्वाजच्या बारशाला..."

"आठवतं मला."

"सासूबाईंनी सांगितलं होतं, तूच सांग म्हणून. पण तोंड माझं होतं. मी नाही म्हणू शकले असते."

भागीरथी स्टूल ओढून बसल्या. पाय चोळू लागल्या.

"राग आला होता," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? कितीतरी वर्षं होता. मग एकदा तुझा मुलगा सुट्टीत मानकाडूला आला. सात वर्षांचा असेल. म्हणाला, अम्मानं सांगितलंय, अत्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोप. सांगितलं होतंस?"

"होय," सरोजा म्हणाली. ती विसरूनच गेली होती.

"मग झालं. दूध ठेव, ते सगळे वाट बघतायत. आणि हे बघ, मला पहाटे चारला उठायची खोड आहे, भांडी वाजतील. मला खालची खोली दे."

"खालच्या खोलीत यांची जुनी सरकारी गॅझेटं आहेत."

"ती वर जातील," भागीरथी म्हणाल्या. सरोजाला हसू आलं. काटा घशातून कधी निघाला ते तिला कळलं नाही. गिळताना दुखत नव्हतं एवढं खरं.

*

भरद्वाज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरला. काचेच्या पेटीत कोंदट उकाडा होता. साहेबाला काय सांगायचं ते त्यानं वाटेत तीनदा जुळवलं होतं. 'थोडा वेळ लागेल,' असं सांगता आलं असतं. 'वकील बघतोय,' असंही.

ते दोन्ही त्यानं सांगितलं नाही. "सर, मानकाडूची जमीन मिळणार नाही. माझ्या अत्यानं ती उद्यानाला दिली. मी तुम्हाला शब्द द्यायला नको होता."

 मग साहेब म्हणाले, "भरद्वाज, इकडे चार तळ्यांत रोग शिरलाय. आठवड्यात सगळी कोळंबी वर तरंगली. नव्या जमिनीचं आता कुणी नावही काढणार नाही. तू सोमवारी ये, जे आहे ते निस्तरायला माणूस हवाय."

"आणि ते बढतीचं?"

"ते विसर आता."

बाहेर येऊन तो तसाच उभा राहिला. वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटतही होतं. घरी बायकोला सांगायचं होतं. पण सीर्काळीच्या बाजूला त्यानं तळ्यांच्या शेजारच्या विहिरी पाहिल्या होत्या. एका म्हातारीनं त्याच्यासमोर पाणी तोंडात घेऊन थुंकलं होतं, मीठ, मीठ म्हणत. तशी विहीर अत्याच्या अंगणात करायला आपण निघालो होतो. ते झालं नाही. त्यानं छाती भरून श्वास घेतला. कोपऱ्यावर विनुता उभी होती. त्याच्यामागून आली असावी.

"काय म्हणाले?"

"नोकरीवरून काढलं नाही. एवढंच."

"मग चल. अप्पा एकट्यानं गॅझेटं वर नेतायत."

*

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सगळे कलेक्टर कचेरीत पोचले. कल्याणरामांना त्यांच्या अर्ध्या हिश्श्याची संमती द्यायची होती. सरोजा कधी कचेरीत आली नव्हती. आज ती न बोलावता ऑटोत बसली होती.

टेबलामागचे अधिकारी तरुण होते. त्यांनी फाइल उघडली, अक्कांकडे बघितलं आणि दचकल्यासारखे उभेच राहिले. "वांगो, या आजी. आज काही अट नाही ना?"

"आज माझा भाऊ सही करणार. मी नुसती बघायला आले."

कल्याणरामांनी सही केली. उभ्या जन्मात त्यांनी हजारो दस्तांवर शिक्के मारले होते, पण आज त्यांचा हात क्षणभर थांबला. वडिलांनी दिलेली जमीन. मग त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, खाली रेघ ओढली.

"एक रकाना रिकामा आहे," अधिकारी म्हणाले. "आजींनी पट्टुकोट्टैला भरला नव्हता. जमीन सोडल्यानंतरचा कायमचा पत्ता. नुकसानभरपाईचे कागद कुठं पाठवायचे?"

कल्याणरामांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी मागून सरोजाचा आवाज आला, चारचौघांत कधी न बोलणाऱ्या सरोजाचा. "आमच्या घरचा लिहा. दार नंबर सात, मेडिकल कॉलेज रोडच्या मागची दुसरी गल्ली. खालची खोली."

"खोली लिहावी लागत नाही, अम्मा."

"लिहा तरी."

अधिकाऱ्यांनी लिहिलं.

बाहेर आले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. कचेरीच्या फाटकासमोर एक सोड्याची गाडी होती, लाकडी खणांत गुलाबी पन्नीर सोड्याच्या गोळीबाटल्या लावलेल्या. भागीरथी तिच्यापुढे थांबल्या.

"हे काय असतं रे?"

"पन्नीर सोडा, गुलाबपाण्याचा. तू कधी प्यायली नाहीस?" कल्याणराम म्हणाले.

"रस्त्यावर उभं राहून मी कधी काहीच प्यायले नाही. कुणाबरोबर पिणार होते?"

भरद्वाजनं एक बाटली घेऊन दिली. अक्कांनी पदर सावरला, बाटली दोन्ही हातांनी धरली आणि औषध घ्यावं तसा एक मोठा घोट घेतला. त्यांचे डोळे पाण्यानं भरले, नाक लाल झालं, आणि मग भर रस्त्यात, कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, त्यांना एक दणदणीत ढेकर आली. त्यांनी घाईनं तोंडावर हात ठेवला. हाताआडून आधी फुसफुस आली, मग हसू फुटलं आणि थांबेचना. त्या हसताना खांदे उडवून हसतात, हे कल्याणराम साफ विसरले होते.

"अय्यो, गुलाबाच्या वासाची ढेकर!" त्या म्हणाल्या. "संपली की. आणखी एक मिळेल का?"

"मिळेल की, अत्या."

"आणि सगळ्यांना सांग. मी एकटी पीत उभी राहणार नाही."

कल्याणरामांनी पाच बोटं वर केली. गाडीवाल्यानं बाटल्या ओळीनं मांडल्या आणि अंगठ्यानं दाबत गेला, आणि एकामागोमाग पाच गोळ्या टणटण आत पडल्या.